पथ्य आपल्याच मुलखातले

वजन उतरविण्याचा निश्चय आठवडाभरात ढळतो, याचे कारण बहुधा इच्छाशक्तीचा अभाव नसून, जिभेला अपरिचित असे पथ्य आपण एकाएकी तिच्यावर लादतो, हे असते. भालकी, औराद, बसवकल्याणच्या मराठी घरांना परक्या जिनसांची गरजच काय? विस्तवाजवळ उभी करून वाळविलेली ज्वारीची कडक भाकरी मोडून, २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभलेल्या कलबुर्गीच्या तुरीच्या घट्ट वरणासवे सावकाश चावून खाल्ली, की तंतुमय द्रव्य आणि प्रथिने यांमुळे थोडक्यात तृप्ती येते. मात्र शेंगाचटणीवरील तेलाची धार आणि सायंकाळची मिरची-भजी यांचा हिशेब राखलाच पाहिजे. स्थूल देहाचे पाच टक्के वजन उतरले तरी रक्तदाब व रक्तशर्करा यांवर इष्ट परिणाम होतो. तेव्हा मंडळी, तूर्त रात्रीचा भात तेवढा निम्मा करा.