गेटपास फाडला तरी माणूस आतच : क्लस्टरच्या जॉइन टोकनची गोष्ट

मागच्या भागात आपण कुबरनेटीस क्लस्टर म्हणजे काय ते बघितलं. आज बोलूया त्या क्लस्टरला नवीन मशीन जोडताना लागणाऱ्या टोकनबद्दल. यात मी स्वतः माती खाल्लीय, तेही सांगतो.

तारापूर एमआयडीसीत काम केलेल्यांना हे पटकन कळेल. ठेकेदाराचा नवा माणूस आला की गेटवर त्याला एका दिवसाचा पास मिळतो. तो दाखवून आत जायचं, ऑफिसात फोटो काढून ओळखपत्र बनवून घ्यायचं. दुसऱ्या दिवसापासून ओळखपत्र चालतं, पासाचं काम संपलं.

जॉइन टोकन म्हणजे हा पास. कुबअ‍ॅडमच्या टोकनमध्ये आधी ६ अक्षरं, मग टिंब, मग १६ अक्षरं असतात. पहिला भाग नुसती ओळख, दुसरा भाग गुपित. नवीन मशीन हे टोकन दाखवतं आणि क्लस्टर त्याला स्वतःचं सर्टिफिकेट देतं. ते झालं ओळखपत्र, सहसा एका वर्षाचं. जॉइन कमांडमध्ये एक लांबलचक हॅशही असतो. आपण योग्य गेटवरच आलोय ना, हे मशीन त्यावरून तपासतं. म्हणजे विश्वास दोन्ही बाजूंनी.

काही सांगितलं नाही, तर टोकनची मुदत २४ तास असते. मला हीच नडली. एका कारखान्यात आम्ही छोटं क्लस्टर उभं केलं होतं. मशीन यायची दोन दिवस उशिरा, तोवर टोकन मेलेलं. कंटाळून मी मुदत शून्य टाकली. शून्य म्हणजे लगेच संपणारं नव्हे, कधीच न संपणारं! वर ती कमांड टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून मोकळा झालो.

आठ महिन्यांनी एका नवीन ट्रेनीने सराव म्हणून तीच कमांड आपल्या पीसीवर चालवली. पीसी थेट चालू क्लस्टरमध्ये! क्लस्टरने त्यालाही कामं वाटली, आणि कामांबरोबर डेटाबेसचे पासवर्डही तिकडे गेले. संध्याकाळी पोरगा पीसी बंद करून बोईसर स्टेशनला डहाणू लोकल पकडायला गेला, आणि इकडे कामं अडकली. साधारण पाच मिनिटांनी ती दुसऱ्या मशीनवर हलली, म्हणून निभावलं.

मी टोकन डिलीट केलं, यादीतून तो नोड काढला आणि निर्धास्त झोपलो. सकाळी पोराने पीसी चालू केला, आणि नोड परत यादीत हजर!

कारण सोपं आहे. पास फाडला, हजेरीपटातलं नाव खोडलं, पण ओळखपत्र त्याच्या खिशातच होतं. टोकन रद्द केल्याने नवीन कुणी येत नाही. आत आलेला बाहेर जात नाही. आणि दिलेलं एखादं सर्टिफिकेट रद्द करायची सोय कुबरनेटीसमध्ये नाही. मग त्या पीसीवर कुबअ‍ॅडम रीसेट चालवलं, तेव्हा सर्टिफिकेट पुसलं गेलं. तिकडे गेलेले सगळे पासवर्ड बदलले. मशीन आपल्या हातात नसेल तर आधी फायरवॉलवर अडवा. ते अनोळखी माणसाचं निघालं तर क्लस्टरचं मूळ सर्टिफिकेटच बदलावं लागतं, आणि ते काम डोकं फिरवणारं आहे. पोराला मात्र कुणी बोललं नाही. चूक माझी होती.

आता माझे नियम :

१. टोकन मशीन समोर आल्यावरच बनवायचं, मुदत एक तास. टोकन क्रिएटला प्रिंट जॉइन कमांड हा पर्याय दिला की पूर्ण ओळ तयार मिळते, त्यामुळे जुनं जपून ठेवायची गरजच नाही.

२. मशीन जोडलं की टोकन लगेच डिलीट.

३. दर सोमवारी टोकन लिस्ट बघायची. मुदतीपुढे ‘फॉरएव्हर’ दिसलं की आधी ते काढायचं, मग चहा.

४. नोडची यादीही बघायची. एकही अनोळखी नाव सोडायचं नाही.

डॉकर स्वॉर्म वापरणाऱ्यांनो, तुमची जॉइन टोकनं आपणहून संपतच नाहीत. रोटेट तुम्हालाच करावी लागतात. वर्कर आणि मॅनेजरची टोकनं वेगळी असतात. मॅनेजरचं बाहेर गेलं, तर अख्ख्या कारखान्याची चावी गेली समजा.

तर मंडळी, आज एवढं करा : टोकन लिस्ट चालवा आणि काय दिसलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!