पदवी दिल्लीची, पद भोपाळचे, रुग्ण जबलपूरचा

जबलपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९५५ साली सुरू झाले, तेव्हा राज्याची राजधानी नागपूर होती. वर्षभरातच राज्यपुनर्रचना झाली. सचिवालय भोपाळला गेले आणि जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आले. आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या महाविद्यालयाचे रुग्णालय केवळ एका शहराचे राहिलेले नाही. मंडला, डिंडोरी, सिवनी, नरसिंहपूर, कटनी, दमोह या जिल्ह्यांतून ‘पुढे पाठवलेले’ रुग्ण याच दारात उतरतात. राज्याचे आयुर्विज्ञान विद्यापीठही याच शहरात आहे. त्यामुळे आपत्कालीन वैद्यकातील पदव्युत्तर शिक्षणाचा प्रश्न जबलपूरहून पाहिला, तर त्यातले राजकारण अधिक स्पष्ट दिसते.

प्रश्न साधा आहे. अत्यवस्थ रुग्ण दारात आला की त्याला प्रथम कोण पाहतो? आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या याचे उत्तर ‘कॅज्युअल्टीतला ड्युटी डॉक्टर’ असेच राहिले. तो बहुधा नुकताच एमबीबीएस झालेला. पोलिसांचे कागद भरायचे, जखम बांधायची आणि संबंधित विभागाला निरोप धाडायचा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. परंतु छातीत दुखणारा, सर्पदंश झालेला, ट्रकखाली सापडलेला असे तिघे एकाच वेळी आले, तर आधी कोणाकडे वळायचे हा निर्णयच जीवनमरणाचा असतो. श्वासमार्ग मोकळा करणे, रक्तस्राव थांबवणे, छातीत कोंडलेली हवा काढणे ही कामे तज्ज्ञाला बोलावणे जाईपर्यंत थांबू शकत नाहीत. तीन वर्षांचा एमडी अभ्यासक्रम नेमके हेच शिकवतो. निदान पूर्ण होण्याआधी रुग्ण जगवणे, हे या शाखेचे सार आहे.

अमेरिकेने या शाखेला स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा १९७९ मध्ये दिला. भारतीय वैद्यक परिषदेला तेथवर यायला जुलै २००९ उजाडले. त्यानंतरचा दिल्लीचा प्रवासही सरळ झाला नाही. २०२० च्या नियमांनी वैद्यकीय महाविद्यालयांत आपत्कालीन वैद्यकाचा स्वतंत्र विभाग अनिवार्य केला. जून २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जो मसुदा प्रसृत केला, त्यात मात्र अनिवार्य विभागांच्या यादीतून हेच नाव गळले. या शाखेच्या तज्ज्ञांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. देशात महाविद्यालयांची संख्या वेगाने वाढवायची आणि अध्यापक तर पुरेसे नाहीत, अशा पेचात नियम सैल करण्याचा मोह धोरणकर्त्यांना होतो. पण विभाग नाही तर अध्यापक नाही आणि अध्यापक नाही तर पदव्युत्तर जागा नाही, हे दुष्टचक्र त्यातूनच पक्के होते.

गरज किती, हे सरकारी आकडेच सांगतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये मध्य प्रदेशात ५४,४३२ अपघात झाले आणि १३,४२७ माणसे दगावली. अपघातांच्या संख्येत तामिळनाडूनंतर याच राज्याचा क्रमांक होता. खुद्द जबलपूरने २२ मे १९९७ च्या पहाटेचा भूकंप सोसला आहे. १ ऑगस्ट २०२२ रोजी शहरातील एका खासगी रुग्णालयाला लागलेल्या आगीत आठ जणांचा बळी गेला. त्या आगीनंतर इमारतींच्या परवान्यांची चर्चा झाली, ती योग्यच होती. मात्र एकाच वेळी अनेक जखमी आले तर त्यांना सांभाळणारे प्रशिक्षित हात किती, हा प्रश्नही तितकाच निकडीचा आहे.

कायद्याने आपली बाजू बऱ्याच अंशी सांभाळली आहे. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले की, जखमीचे प्राण वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कार नंतर. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातील जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. म्हणजे उपचाराचा हक्क आला आणि पैशाची तरतूदही झाली. आता उरतो तो उपचार करणारा माणूस.

येथे चेंडू दिल्लीच्या हातून भोपाळकडे जातो. आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे. केंद्र पदवीला मान्यता देऊ शकते, पण जिल्हा रुग्णालयात पद निर्माण करणे राज्याच्या वित्त विभागाच्या हाती. आपत्कालीन वैद्यकातील एमडीसाठी स्वतंत्र पद, वेतनश्रेणी आणि बढतीची वाट नसेल, तर तो डॉक्टर महानगरातील खासगी रुग्णालयाची वाट धरणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे, अशी तरतूद २०२० मध्ये झाली, ती स्वागतार्ह आहे. तथापि तीन महिन्यांनी विद्यार्थी परततो आणि रात्रपाळीचा रुग्ण पुन्हा रुग्णवाहिकेत चढवला जातो.

मंडल्याहून जबलपूर सुमारे ९५ किलोमीटर. मोटार वाहन कायद्याने जखमेनंतरचा पहिला तास हाच ‘सोनेरी तास’ मानला आहे. तो तास या रस्त्यावरच संपतो. म्हणून जबलपूरसारख्या केंद्रात जागा वाढवणे हे अर्धेच काम होय. येथे घडलेला तज्ज्ञ मंडला, डिंडोरीच्या दारात उभा राहील अशी पदे मंजूर करणे, हे उरलेले अर्धे. इमारतीच्या कोनशिलेवर मंत्र्याचे नाव कोरले जाते, मंजूर पदाच्या आदेशावर ते कोणी वाचत नाही. कदाचित म्हणूनच पहिले काम लवकर होते आणि दुसरे फायलीत राहते. राज्याच्या पुढच्या अर्थसंकल्पात पाहायचे ते हेच, की खाटांच्या आकड्याशेजारी माणसांचा आकडा आहे की नाही.