मे महिन्याचं ऊन: डाळिंबाला छाया द्या



या आठवड्यात दोन-तीन जणांनी फोनवर एकच विचारलं, "सर, आंबे बहराच्या डाळिंबाला रंग यावा म्हणून ५०१ मारू का?" उत्तर आधीच सांगतो: आत्ता नको. फळाला ऊन कमी पडत नाही, जास्त होतंय.

*विज्ञान*
मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या माळशिरस भागात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली बुडाशी जाते. तेव्हा एका एकरावर साधारण ४,००० किलोवॉट एवढं ऊन पडतं, म्हणजे ५ एचपीच्या हजारभर मोटारींचा जोर. त्यातला शंभरातला एक-दोन भागच पीक अन्न तयार करायला वापरतं. पान पाण्याची वाफ सोडून स्वतःला थंड ठेवतं, फळाला ते फारसं जमत नाही. उघड्या फळाची साल हवेपेक्षा १० अंशांनी किंवा जास्तही तापते. दुपारी २ ते ४ ला हवा तापलेली आणि ऊन पश्चिमेकडून तिरपं, म्हणून ती बाजू आधी भाजते. भाजलेलं फळ पुन्हा सुधारत नाही, बाजारात दर पडतो.

*पुराण*
रथसप्तमीला आपण सात घोड्यांचा सूर्य पुजतो. पण पुराणकथाही उन्हाची दाहकता विसरत नाहीत. सूर्याची पत्नी संज्ञा, तिलाच त्याचं तेज सोसेना. ती आपल्या जागी छायेला ठेवून निघून गेली. सारथी अरुण पुढे बसतो, तोही जगाला ताप कमी लागावा म्हणून. आपल्या फळालाही छायाच हवी आहे.

*बायोडायनॅमिक शेती*
ही पद्धत रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ च्या व्याख्यानांतून निघाली. ५०१ म्हणजे गाईच्या शिंगात भरून पुरलेली गारगोटीची बारीक पूड. एकरी साधारण १ ग्रॅम पाण्यात तासभर ढवळून सूर्योदयाला फवारतात. पिकाला प्रकाश चांगला घेता यावा, ही त्यामागची कल्पना. एवढ्याशा पुडीने रंग वाढतो याचा ठोस पुरावा नाही. आणि ही शेती करणारेसुद्धा कडक उन्हात, ताणावरच्या झाडावर ५०१ मारत नाहीत.

*आता काय करायचं*
✅ दुपारी ३ वाजता बागेत जाऊन पश्चिमेकडची उघडी फळं बघा.
✅ केओलिन ५ टक्के: १०० लिटर पाण्यात ५ किलो. सकाळी लवकर फवारा, पंप मधूनमधून हलवत राहा. इतर औषधात मिसळू नका.
✅ क्रॉप कव्हर, शेडनेट किंवा जुन्या साड्या, जे घरी असेल ते बांधा.
✅ फळावरची पानं, फांद्या आत्ता छाटू नका.
✅ ठिबक सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, रोज सारखं. पाणी एकदम कमी-जास्त झालं की फळ तडकतं.
❌ गंधक आणि तेलयुक्त औषधं कडक उन्हात टाळा.

चट्टे दिसले तर फळाचा जवळून फोटो ग्रुपवर टाका. ओळीची दिशा आणि पाणी किती देता तेही लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल.

– कृषी सल्ला विभाग, माळशिरस