तुरळक ठिकाणी

हिंगोली जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजा व सोसाट्याचा वारा यांसह पावसाची शक्यता आहे, अशा धर्तीचे वाक्य आपण हवामानाच्या पत्रकात कितीदा तरी वाचतो. वाचणारा त्यातून 'तुरळक' एवढाच शब्द उचलतो. आपल्या बोलण्यात तुरळक पाऊस म्हणजे चार थेंब, आणि तुरळक गर्दी म्हणजे जवळजवळ नाहीच. तेव्हा तो निर्धास्त होतो आणि बैल घेऊन शेतावर जातो.

वेधशाळेला मात्र हे म्हणावयाचे नसते. तेथे 'तुरळक' हे ठिकाणांचे विशेषण आहे, संकटाचे नव्हे. एखाद्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर चतुर्थांश केंद्रांवर पाऊस अपेक्षित असला की तो 'तुरळक ठिकाणी'. त्याहून अधिक पण निम्म्यापर्यंत केंद्रांवर असला की 'काही ठिकाणी'. वळवाचा ढग दुपारच्या तापलेल्या जमिनीवर उभा राहतो. त्याची रुंदी थोड्या मैलांची, आयुष्य बहुधा तासाभराचे. तो सेनगावावर उठेल की औंढ्यावर, हे आदल्या दिवशी सांगणे शास्त्राला अजून साधलेले नाही. पण जेथे तो उठेल तेथे वीज पूर्ण जोराची असेल. म्हणजे ज्या शब्दाने शास्त्रज्ञ आपले अज्ञान प्रामाणिकपणे कबूल करतो, तोच शब्द ऐकणाऱ्याला अभय देऊन जातो! भारतात वीज पडून वर्षाला अडीच हजारांहून अधिक माणसे मरतात, आणि त्यांत शेतात काम करणारीच पुष्कळ असतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा नुसता व्याकरणाचा वाद राहत नाही.

असाच घोटाळा 'अतिवृष्टी'चा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की तलाठ्याच्या दप्तरी अतिवृष्टी होते, कारण तेथे प्रश्न नुकसानभरपाईचा असतो. वेधशाळेच्या लेखी मात्र ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पावसाची फक्त पहिली पायरी सुरू होते, ११५.६ पासून दुसरी आणि २०४.५ पासून तिसरी. एका खात्याचा कळस तो दुसऱ्या खात्याचा पायथा. त्यात वर्तमानपत्रांनी 'ढगफुटीसदृश' हा शब्द इतका स्वस्त केला आहे, की खरी ढगफुटी झाली तर तिला नाव उरणार नाही. तासाला सुमारे १०० मिलिमीटर हे तिचे माप आहे.

रंगांनी हा गोंधळ मिटेल अशी अपेक्षा होती. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. योजना चांगली आहे. परंतु लोक रंगाला पावसाचे माप समजतात. वस्तुतः रंग ठरविताना होणारा परिणाम आणि तो होण्याची शक्यता या दोहोंचा मेळ घातलेला असतो. मोठ्या अनर्थाची लहानशी शक्यता असली तरी रंग पिवळाच दिसू शकतो.

मग शक्यतेवर निर्णय कसा घ्यावा? हे आपल्या हळदकऱ्याला शिकवावे लागत नाही. उन्हाळ्यात वसमत भागात शिजवलेली हळद वाळत पडलेली असते. आभाळ भरून आले की तो ताडपत्री घालतो. पाऊस न आला तर दोन माणसांची तासाभराची मेहनत वाया गेली. न झाकता आला तर रंग गेला आणि भावही गेला. दहांपैकी सात वेळा ताडपत्री फुकट घातली तरी त्याचा व्यवहार फायद्याचाच ठरतो. जिल्हाधिकाऱ्यापुढचा हिशेब याच जातीचा असतो, फक्त त्याची ताडपत्री फार महाग. शाळा बंद ठेवल्या, गाव हलविले आणि ऊन पडले तर लोक हसतात, आणि पुढच्या खेपेला तो कचरतो. यास्तव इशारा देतानाच 'हे टळण्याचाही संभव आहे, तरीही आम्ही गाव हलवीत आहोत' असे उघड सांगणे बरे. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली; २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी तेथे जवळजवळ दहा लाख लोक हलविले गेले आणि मृत्यू पन्नासाच्या आत राहिले. मधल्या काळात केवळ पत्रके सुधारली नव्हती. निवारे बांधले गेले होते आणि दारावर येऊन उठविणारी ओळखीची माणसे तयार झाली होती.

विजेच्या बाबतीत सांगण्याची गोष्ट तर फारच थोडी आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 'दामिनी' हे मोबाइलवरील साधन केले आहे. ते आसपासच्या विजेची सूचना देते. पण मोबाइल बांधावर झाडाला अडकवलेल्या पिशवीत असतो. तेथे मोजणी कामी येते. वीज चमकल्यावर गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम टाकून पक्क्या घरात जावे, झाडाखाली थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

नद्यांची भाषा आणखी वेगळी. इसापूर धरणातून पैनगंगेत किंवा सिद्धेश्वरमधून पूर्णेत पाणी सोडले की आकडा क्युसेकमध्ये जाहीर होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. इंजिनिअरला तो आकडा हवाच. काठच्या माणसाला मात्र गावाचा पूल किती वाजता बंद होईल आणि पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढेल, हे कळले पाहिजे. हे भाषांतर तहसील कार्यालयात, मागच्या पुरांच्या खुणा पाहून, पावसाळ्यापूर्वीच करून ठेवता येते.

धरण नसलेल्या ओढ्यांना तेवढीही सवड नसते. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंद्यात घरोघर पाणी शिरले. परिसरातच कोसळलेला असा पाऊस काही तासांत गावात उतरतो. अशा वेळी वरच्या गावच्या पोलीस पाटलाने खालच्या गावच्या पोलीस पाटलाला केलेला फोन हाच सर्वांत लवकर पोहोचणारा इशारा ठरतो. त्यात मिलिमीटर नसले तरी चालेल. ओढा कोणत्या खुणेच्या वर गेला आणि तेथून पाणी खाली यायला किती वेळ लागतो, एवढे असावे.