कराराचा कोश



सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं मी अलिबागेकडील एका गांवीं शिक्षक होतों. माझ्या वर्गांत बेने इस्राएल समाजाचा एक मुलगा होता. तेलाचे घाणे चालविणारे व शनिवारीं ते बंद ठेवणारे म्हणून कोंकणांत ह्या समाजाला पूर्वीं ‘शनवार तेली’ म्हणत. एके दिवशीं त्या मुलाच्या वडिलांनीं मला आपलें प्रार्थनामंदिर पाहावयास नेलें. पश्चिमेच्या भिंतीशीं, म्हणजे यरुशलेमाच्या दिशेस, एक उंच कपाट होतें व त्यावर भरजरी पडदा होता. पडदा सरला, दारें उघडलीं आणि सारी मंडळी उठून उभी राहिली. ह्या धर्मांत मूर्ति नसते हें मला पुस्तकांवरून ठाऊक होतें. तरी जन्माच्या सवयीनें मीं हात जोडले व आंत काय दिसतें म्हणून मान पुढें केली. तेव्हां तो मुलगा हळूच म्हणाला, “गुरुजी, आंत पुस्तक आहे.”

त्या कपाटाला तेथें ‘हेखाल’ म्हणतात. कांहीं देशांतील यहुदी त्यालाच ‘आरोन’ म्हणतात. हें दुसरें नांव फार जुनें आहे. प्राचीन इस्राएल लोकांच्या उपासनेंत जी वस्तु सर्वांत पवित्र मानली जात असे, तिचें तें नांव. मराठी बायबलांत तिला ‘कराराचा कोश’ असें म्हटलें आहे. आज त्या कोशाविषयीं चार गोष्टी सांगण्याचें मीं योजिलें आहे.

प्रथम त्याचा आकार पाहूं. निर्गम नांवाच्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत त्याचें वर्णन सुताराला पुरेल इतक्या तपशिलानें दिलें आहे. बाभळीच्या लांकडाचा, अडीच हात लांब, दीड हात रुंद व दीड हात उंच. हा हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंतचा, म्हणजे सुमारें दीड फुटाचा. तेव्हां लांबी पावणेचार फूट आणि रुंदी व उंची सव्वादोन फूट झाली. आपल्या आजीच्या वेळीं घरोघर भांडीं ठेवण्याचे जे लांकडी पेटारे असत, त्यांहून तो फारसा मोठा नव्हता. आंतून बाहेरून सोन्यानें मढविलेला असला तरी मुळांत तो एक पेटाराच. ‘आरोन’ ह्या इब्री शब्दाचा अर्थही साधी पेटी एवढाच आहे. मिसर देशांत योसेफाचा देह ज्या पेटींत ठेवला तिलाही हाच शब्द आहे, आणि योवाश राजाच्या काळीं मंदिराच्या दुरुस्तीसाठीं झांकणाला भोंक पाडून जी दानपेटी ठेविली तिलाही हाच. आमच्या भाषांतरकारांनीं मात्र ‘कोश’ हा भारदस्त शब्द योजिला, आणि मला वाटतें तो नकळत फार चपखल बसला. कोश म्हणजे खजिना खरा. पण शब्दांच्या संग्रहालाही आपण कोशच म्हणतों.

कारण ह्या पेटींत शब्दच होते. सीनाय पर्वतावर मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांच्या दोन दगडी पाट्या, एवढेंच तिच्यांतील धन. पुढें शलमोन राजानें मंदिर बांधून कोश तेथें आणला, त्या प्रसंगीं ग्रंथकार मुद्दाम सांगतो कीं, आंत त्या दोन पाट्यांवांचून कांहीं नव्हतें. मान्न्याचें पात्र व अहरोनाची काठीही आंत होती असें नव्या करारांतील एका पत्रांत आहे. परंतु ती नंतरची परंपरा होय.

आतां, लिहिलेल्या पाट्या पेटींत घालून देवापुढें कां ठेवाव्या? ह्याचा उलगडा शेजारच्या राष्ट्रांच्या रिवाजावरून होतो. हित्ती लोकांच्या राज्यांत दोन राजे करार करीत, तेव्हां त्याचा लेख देवतेपुढें मंदिरांत ठेवीत व ठराविक वेळीं तो मोठ्यानें वाचून दाखवीत. ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकांतील अशा एका तहाच्या पाट्या सांपडल्या आहेत; तहांतच ही अट लिहिलेली आहे. इस्राएलांतही नियमशास्त्र कोशाशेजारीं ठेवावें व दर सात वर्षांनीं सर्व लोकांसमोर वाचावें, अशी आज्ञा होती. म्हणून ‘कराराचा कोश’ हें नांव शब्दशः खरें. तो देव ठेवण्याचा देव्हारा नव्हे. देव आणि प्रजा ह्यांच्यामधील खत जपण्याची ती पेटी.

कोशावर सोन्याचें झांकण होतें. त्याला मराठींत ‘दयासन’ म्हणतात. त्याच्या दोन टोंकांना पंख पसरलेले दोन करूब समोरासमोर होते. त्या काळीं पंखधारी प्राणी राजाच्या आसनाला आधार म्हणून कोरीत. बिब्लस येथील अहीराम राजाच्या दगडी शवपेटीवर अशाच आसनावर बसलेला राजा दिसतो. तेव्हां करूब पाहतांच त्या काळच्या माणसाची दृष्टि त्यांच्यामध्यें बसलेला राजा शोधीत असणार. तेथें मात्र कोणी नाहीं! मिसरांतील पुजारीही आपल्या देवांच्या पेट्या दांड्यांवर घालून मिरवीत. पण त्यांत मूर्ति असे. येथें सिंहासनाची सगळी सिद्धता करून बसण्याची जागा तेवढी मोकळी ठेविली. पेटी म्हणजे त्या अदृश्य राजाचें पादासन, असें दावीद राजाच्या तोंडीं एके ठिकाणीं घातलें आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. कोशाच्या कड्यांत दोन दांडे घातलेले असत व ते कधींही काढूं नयेत अशी आज्ञा होती. रानांतून फिरत असतांना हें ठीक. पण मंदिरांत कायमचा ठेवल्यावरही ते काढले नाहींत. जणूं कोणत्याही क्षणीं उचलून निघावयाचें आहे!

इतकें सगळें असून लोक व्हावयाची ती चूक करून बसलेच. पलिष्टी लोकांशीं झालेल्या एका लढाईंत इस्राएलाचे चार हजार लोक पडले. तेव्हां वडील मंडळींनीं विचार केला कीं, शिलोहून कोश रणांत आणावा म्हणजे जय होईल. त्यांनीं खत बाजूला ठेवलें आणि पेटीचा ताईत केला. कोश छावणींत येतांच असा जयघोष झाला कीं भूमि दणाणली, आणि पुढच्या लढाईंत तीस हजार पडले. कोश शत्रूनें नेला. शिलो येथें अठ्ठ्याण्णव वर्षांचा आंधळा याजक एली वाटेच्या कडेला बसून होता. पराभव झाला, दोन्ही मुलगे मेले, हें त्यानें ऐकून घेतलें. कोश गेला हा शब्द कानीं पडतांच मात्र तो आसनावरून मागें कोसळला आणि मान मोडून मेला. ही गोष्ट वर्गांत सांगतांना माझा आवाज दरवेळीं अडखळत असे.

पलिष्ट्यांनीं कोश अश्दोद येथें दागोन देवाच्या देवळांत ठेवला, तर सकाळीं दागोनच पालथा पडलेला दिसला. त्यांच्या नगरांत रोगराई पसरली. सात महिन्यांनीं त्यांनीं कोश नव्या गाड्यावर घातला, दोन दुभत्या गाई जुंपल्या आणि त्यांचीं वासरें घरीं कोंडलीं. गाई हंबरत, पण मागें न वळतां, थेट इस्राएलाच्या हद्दींत बेथ-शेमेशला गेल्या. म्हणजे ज्यांचा हा कोश त्यांनाही तो जय देत नाहीं, आणि ज्यांनीं जिंकला त्यांच्याही हातीं तो राहत नाहीं.

दावीद राजा पुढें तो यरुशलेमास नेत असतां बैलांना ठेंच लागली, आणि तो सावरण्यासाठीं उज्जानें हात लाविला. तो तेथेंच गतप्राण झाला. कोश खांद्यावर वाहावा, गाड्यावर नव्हे, असा नियम होता, असें स्पष्टीकरण देतात. माझें त्यानें समाधान होत नाहीं. खुद्द दावीदाचेंही झालें नाहीं. तो रागावला, मग भ्याला, आणि तीन महिने कोश त्यानें दुसऱ्याच्या घरीं ठेविला.

इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानें मंदिर जाळलें. लुटीच्या यादींत पितळी खांबांपासून चमच्यांपर्यंत सर्व वस्तु आहेत, कोश नाहीं. यिर्मयानें तो डोंगरांतील गुहेंत लपविला अशी एक कथा आहे. इथिओपियांतील अक्सूम येथील ख्रिस्ती लोक तो आपल्याकडे आहे असें मानतात, पण कोणास पाहूं देत नाहींत. ह्या शोधापायीं पुष्कळ पुस्तकें खपलीं. मला यिर्मयाचें म्हणणें अधिक विचार करण्यासारखें वाटतें: असे दिवस येतील कीं कोशाची कोणाला आठवण होणार नाहीं व तो पुन्हां कोणी करणार नाहीं. आणि खरोखरच कोणी केला नाहीं. दुसरें मंदिर बांधलें तेव्हां परमपवित्र स्थान रिकामेंच राहिलें. तेथें जमिनींतून तीन बोटें वर आलेला एक दगड तेवढा होता. इ. स. पू. ६३ मध्यें रोमन सेनापति पाँपी आंत शिरला, तेव्हां तेथें कोणत्याही देवाची मूर्ति नाहीं ह्याचें रोमनांना मोठें नवल वाटलें.

कोश गेला, तरी त्याविषयींचा विचार थांबला नाहीं. मोशेनें सोन्याचें वासरूं पाहून पहिल्या पाट्या फोडल्या होत्या; त्यांचे तुकडे कोठें गेले, असा प्रश्न तालमूद ग्रंथांतील पंडितांनीं काढला. उत्तर असें कीं, अखंड पाट्यांबरोबर ते तुकडेही कोशांतच ठेविले होते. त्यावरून त्यांनीं सांगितलें कीं, वार्धक्यानें विद्या विसरलेल्या वृद्धाचाही मान राखावा. साठी उलटलेल्या मला हें वाक्य वाचून बरें वाटलें, हें कबूल करतों.

१९४८ नंतर कोंकणांतील पुष्कळ बेने इस्राएल कुटुंबें इस्राएलास गेलीं; माझ्या विद्यार्थ्याचें कुटुंबही मागाहून गेलें. त्या मुलाचें नांव आज मला आठवत नाहीं. वर्ग आठवतो, त्याचा बांक आठवतो, आणि पडदा सरल्यावर तो जें हळूच बोलला तें आठवतें.