छोट्या जेटचे पाय मजबूत कसे करावेत?

रेडिओच्या साहाय्याने जमिनीवरून उडविण्याची छोटी विमाने आता आपल्या वस्त्यांतील मुलामुलींना नवी राहिलेली नाहीत. कुणी राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात मॉडेल बनवायला शिकते, कुणी इंजिनिअरिंग कॉलेजात. मात्र फोमचे, विजेच्या पंख्यावर चालणारे एक जेट घ्यायचे म्हणजे कामगाराच्या घरात महिन्याचा हिशोब कोलमडतो. म्हणून पाच-सहा जण वर्गणी काढतात. आणि मग तिसऱ्या-चौथ्या खेपेला विमान मैदानात उतरते, चाक गवतात अडकते आणि पाय पंखातला फोम घेऊनच उपटून बाहेर येतो. वर्गणीदारांचे चेहरे बघवत नाहीत.

उडताना चाके पोटात ओढून घेणारी ही यंत्रणा दिसायला खऱ्या विमानासारखी असते. छोटी मोटर आतला स्क्रू फिरवते, पाय दुमडतो. खाली आला की आपोआप अडकून ताठ राहतो. हे यंत्र सहसा दगा देत नाही. दगा देते ते त्याचे बूड, म्हणजे यंत्र ज्या तुकड्यावर बसविलेले असते तो तुकडा. कारखान्यातून येताना तो बहुधा प्लास्टिकचा वा पातळ प्लायचा असतो आणि नुसत्या फोमला चिकटवलेला असतो.

त्यावर भार किती येतो हे आकडे मांडून पाहावे. समजा पायाची लांबी १०० मिलिमीटर आहे आणि उतरताना गवताने चाकाला मागे ५ किलोचा हिसका दिला. यंत्राच्या पुढच्या आणि मागच्या स्क्रूंमध्ये अंतर ४० मिलिमीटर असेल, तर पुढच्या स्क्रूंवर साडेबारा किलोची ओढ येते. पुढचे स्क्रू खाली उपटले जातात आणि मागची कड फोममध्ये रुतते. तुटलेल्या विमानांत नुकसान बहुतेक वेळा याच क्रमाने झालेले आढळेल. त्यातच जेटचे पंख लहान आणि वजन जास्त, त्यामुळे ते वेगाने उतरते. ताशी ३६ ऐवजी ५४ किलोमीटर वेगाने टेकले, तर जिरवायची शक्ती सव्वादोन पट होते.

पुष्कळ मुले अशा वेळी पायाची तार जाड करतात. ३ मिलिमीटरच्या जागी ४ ची. माझ्या मते हा उपाय उलटा आहे. तार सुमारे तिप्पट ताठ होते, तिने लवून झेलायचा धक्का सरळ पंखात जातो. तार वाकली तर पक्कडीने सरळ करता येते. पंख फाटला तर पुन्हा वर्गणी. म्हणून तार लवचिकच ठेवावी आणि मजबुती बुडाला द्यावी.

त्यासाठी जुना तुकडा आणि जुना गोंद खरवडून काढावा. ३ मिलिमीटरच्या चांगल्या, आत पोकळ्या नसलेल्या प्लायचा मोठा तुकडा कापावा. लांबी ८० मिलिमीटर केली तर फोमला धरणाऱ्या कडांवरची ओढ वरच्या हिशोबाने निम्म्यावर येते. तुकड्याखाली प्लायचीच एक उभी पट्टी पंखाच्या वरच्या सालीपर्यंत न्यावी आणि ती पंखातल्या कार्बनच्या नळीला टेकवून चिकटवावी. ही पट्टी बहुतेक जण विसरतात, पण खरा भार तीच वाहते. फोमच्या भरवशावर काही ठेवू नये. प्लायला बारीक भोके पाडली तर इपॉक्सी आत शिरून पकड घेते. इपॉक्सी सावकाश वाळणारी घ्यावी, पाच मिनिटांची नव्हे. गरम गोंद उन्हात सैल पडतो. झटपट चिकटणारा पातळ गोंद तर साध्या थर्माकोलला विरघळवूनच टाकतो. लाकडी स्क्रूऐवजी मागून दात असलेले टी-नट बसवून ३ मिलिमीटरचे मशीन स्क्रू लावावेत. वस्तीतल्या सुतारकाम करणाऱ्या काकांना हे काम दाखवावे. कॉलेजातल्या पुस्तकापेक्षा त्यांच्या बोटांना प्लाय जास्त कळते.

पाय यंत्रात बारीक ग्रब स्क्रूने धरलेला असतो. गोल तारेवर तो घसरतो, चाक वाकडे होते आणि विमान धावपट्टीबाहेर जाते. तारेवर त्या जागी कानशीने सपाट जागा करावी, म्हणजे स्क्रू बसतो. कार्बनची नळी कापायची असेल तर तोंडाला फडके बांधावे, तिची भुकटी छातीत जाऊ देऊ नये.

बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. 'विमानाचा खेळ आपल्याला कशाला,' म्हणणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. मुलगी प्लाय कापत असेल तर तिलाही कापू द्यावे, नुसते पॉलिश पेपर घासायला बसवू नये.

सन २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षण वा करमणुकीसाठीच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलचा वेगळा उल्लेख आहे. ते नजरेच्या टप्प्यातच उडवावे लागते. विमानतळाजवळच्या लाल क्षेत्रात परवानगीशिवाय उडविता येत नाही, म्हणून आधी सरकारी नकाशा पाहावा. नव्या बुडाने वजन थोडे वाढेल, तेव्हा पहिल्या उड्डाणापूर्वी तोल पुन्हा तपासावा आणि पहिल्या पाच उतरणींनंतर दर वेळी स्क्रू हाताने चाचपून पाहावेत.