समजून घ्या : नॉर्मल, सिझर, सुईण, मिडवाइफ... बाळंतपणाचे अनुभव ऐकताना नेमकं काय पाहायचं?

मागच्या महिन्यात आमच्या घरी ताईचं डोहाळजेवण झालं. ओटी भरून झाली, जेवणं उरकली आणि सगळ्या बायका हॉलमध्ये येऊन बसल्या. पुढचा तासभर एकच विषय होता, कुणाचं बाळंतपण कसं झालं.

मावशी म्हणाली, मी दोन तासांत मोकळी झाले. वहिनीनं १८ तास कळा सोसल्या होत्या आणि शेवटी सिझरच झालं. लंडनहून व्हिडिओ कॉलवर असलेली मामेबहीण सांगत होती की तिच्या वेळी डॉक्टर खोलीत आलेच नाहीत, सगळं मिडवाइफनं केलं. आजीला यात काही नवल वाटलं नाही. तिची पाचही बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातून झाली. मुलं मात्र चार. एका वेळी ती अडली होती, ते बाळ गेलं.

शेजारच्या काकूंची सून आठव्या महिन्यात आहे, तिची ही दुसरी वेळ. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पहिल्या वेळी लेबर रूममध्ये कितीतरी तास एकटीच होते. कळांपेक्षा मला त्याचीच भीती वाटते."

रात्री ताईचा मेसेज आला : "मग माझं कसं होणार?" मी शिकलो इंजिनिअरिंग, काम करतो बातम्यांचं. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण सगळ्यांचे अनुभव एकमेकांशी जुळत का नाहीत, हे शोधता येण्यासारखं होतं. ते इथे मांडतोय.

एकीला दोन तास, दुसरीला १८ तास. असं का?

पहिलं कारण म्हणजे प्रत्येकीचं घड्याळ वेगळ्या वेळी सुरू होतं. कुणी पहिली कळ आली तिथून तास मोजते, कुणी दवाखान्यात भरती झाल्यापासून, तर कुणी 'आता जोर लाव' असं सांगितल्यापासून.

कळा सुरू झाल्या की गर्भाशयाचं तोंड हळूहळू उघडू लागतं. ते पूर्ण, म्हणजे १० सेंटिमीटर उघडलं की बाळ बाहेर येण्याचा टप्पा सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार साधारण ५ सेंटिमीटरनंतरच्या काळाला खऱ्या अर्थानं वेग घेतलेली प्रसूती म्हणतात. त्याआधीचा काळ किती लांबेल याचं ठरलेलं गणित नाही. तो काही तासांचा असू शकतो किंवा दिवसभराचाही.

५ सेंटिमीटरनंतर पहिलटकरणीला सहसा १२ तासांपर्यंत आणि दुसरेपणाच्या बाईला १० तासांपर्यंत वेळ लागू शकतो. तोंड पूर्ण उघडल्यावर बाळ बाहेर यायला पहिलटकरणीला ३ तासांपर्यंत आणि इतरांना २ तासांपर्यंत वेळ लागणं हेही नेहमीच्या मर्यादेत मोडतं.

पूर्वी 'दर तासाला एक सेंटिमीटर' हा नियम पाळला जायचा. तो प्रत्येकीला लागू होत नाही, आणि आई व बाळ दोघंही ठीक असतील तर केवळ त्या वेगासाठी कळा वाढवू नयेत किंवा सिझर करू नये, असं याच शिफारशींत म्हटलं आहे.

मावशीनं सांगितलेले दोन तास तिच्या तिसऱ्या बाळंतपणाचे होते, हे नंतर कळलं. वहिनीचे १८ तास पहिल्या कळेपासूनचे. या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

सिझरचं प्रमाण खरंच वाढलंय का?

हो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातली ८.५ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली होती. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण १७.२ टक्के झालं आणि २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के.

या सरासरीच्या आत मोठी दरी आहे. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात सरकारी रुग्णालयांत सिझरचं प्रमाण १४.३ टक्के होतं, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. म्हणजे खासगीत जवळपास दोनपैकी एक बाळंतपण सिझरनं होतं.

याचा अर्थ 'पैशासाठी पोट फाडतात' एवढाच काढणं सोपं आहे, पण ते पूर्ण चित्र नाही. छोट्या नर्सिंग होममध्ये अनेकदा एकच डॉक्टर दिवसरात्र सांभाळत असतात. भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावे लागतात. रात्री दोन वाजता गुंतागुंत होण्यापेक्षा संध्याकाळी सात वाजता निर्णय घेणं त्यांना सुरक्षित वाटतं. काही विपरीत घडलं तर नातेवाइकांचा रोष आणि कोर्टकचेरीची धास्ती असते. पहिलं सिझर झालेल्यांचं दुसरं बहुतेकदा सिझरच होतं. शिवाय मुहूर्त पाहून तारीख मागणारी कुटुंबंही असतात, आणि कळांच्या भीतीनं स्वतःहून सिझर मागणाऱ्या मुलीही.

सिझरचं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत वाढताना आई आणि बाळांचे मृत्यू कमी होतात, पण त्यापुढे वाढलं म्हणून लोकसंख्येच्या पातळीवर मृत्यू आणखी घटत असल्याचं दिसत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये म्हटलं होतं. मात्र हा आकडा समाजासाठी आहे. एखाद्या बाईला सिझर लागणार की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

बाळ आडवं असेल, वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, नाळ आधी बाहेर आली असेल किंवा बाळाचे ठोके घसरत असतील, तर सिझर जीव वाचवतं. आजीच्या काळात ते वेळेवर मिळालं असतं तर कदाचित ते पाचवं बाळही असतं. त्यामुळे सिझर झालेल्या बाईला 'तुला कळा सोसवल्या नाहीत' असं ऐकवणं चुकीचंच आहे.

सुईण आणि मिडवाइफ एकच का?

नाही. आपल्याकडचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो.

सुईण किंवा दाई हे अनुभवातून आलेलं काम. धीर देणं, कंबर चोळणं, शेवटपर्यंत जवळ बसणं यात तिचा हातखंडा. पण बाळंतीण अडली किंवा रक्त थांबेना, तर तिच्याकडे औषध नव्हतं, रक्त नव्हतं आणि शस्त्रक्रियेची सोयही नव्हती. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे आजही मातामृत्यूचं एक प्रमुख कारण आहे.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपण रुग्णालयात व्हावं यावर सरकारनं भर दिला. देशात रुग्णालयात होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेलं. महाराष्ट्रात ते २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के होतं. २०१८-२० या काळात राज्यातलं मातामृत्यूचं प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. म्हणून 'पूर्वी घरीच व्हायचं की सगळं' हे वाक्य ऐकायला छान असलं, तरी परत तिकडे जाणं हा मार्ग नाही.

मिडवाइफ म्हणजे प्रसूतीचं शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेली व्यावसायिक. जोखीम नसलेलं बाळंतपण ती स्वतः करते. बाळाचे ठोके, आईचा रक्तदाब आणि रक्तस्राव यांवर तिचं लक्ष असतं. काही बिघडतंय असं दिसलं की ती लगेच डॉक्टरांना बोलावते. ब्रिटनमध्ये साध्या बाळंतपणाची हीच पद्धत आहे. आमच्या मामेबहिणीकडे डॉक्टर आले नाहीत, कारण त्यांची गरज पडली नाही. लागले असते तर ते त्याच रुग्णालयात होते.

आपल्याकडे मिडवाइफ आहेत का?

नावात तर केव्हापासून आहेत. एएनएममधला शेवटचा 'एम' मिडवाइफचा आणि जीएनएममधला मिडवाइफरीचा. सरकारी रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत कितीतरी नॉर्मल बाळंतपणं सिस्टरच करतात. पण त्याच सिस्टरकडे वॉर्ड, लसीकरण, नोंदवह्या असं सगळंच असतं. एकाच बाईजवळ थांबायला तिला वेळ कुठून मिळणार?

हीच जागा भरण्यासाठी केंद्र सरकारनं डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यानुसार प्रशिक्षित परिचारिकांना १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण देऊन 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' तयार करायच्या आणि जास्त बाळंतपणं होणाऱ्या रुग्णालयांत, प्रसूती विभागाला लागूनच, त्यांनी चालवलेले कक्ष उभारायचे. तेलंगणनं त्याआधीच, २०१७ मध्ये, असं प्रशिक्षण सुरू केलं होतं. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात तिथे सिझरचं प्रमाण ६०.७ टक्के होतं, हे पाहिलं की या प्रयोगाची गरज लक्षात येते.

जोखीम नसलेल्या गर्भवतींची काळजी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिडवाइफनं घेतली, तर नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढते आणि चिरा देण्याचं प्रमाण घटतं, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत दिसलं आहे.

म्हणजे डॉक्टरांकडे जायचं नाही?

तसं अजिबात नाही. दोघींची कामं वेगळी आहेत. जोखीम आहे की नाही हे तपासण्यांतूनच कळतं, म्हणून तपासण्या चुकवू नका. रक्तदाब, मधुमेह, जुळी, पायाळू बाळ, तीव्र रक्तक्षय किंवा आधीचं सिझर असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेची सोय असलेलंच रुग्णालय निवडा.

यांपैकी काहीही झालं तर वाट न पाहता रुग्णालय गाठा :

- अंगावरून रक्त जाणं
- बाळाची हालचाल कमी होणं
- खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज
- पाणी जाणं, विशेषतः ते हिरवट असेल तर
- ताप किंवा झटके

महाराष्ट्रात गर्भवतींसाठी १०२ आणि आपत्कालीन स्थितीत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दोन्ही नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा.

लेबर रूममध्ये सोबत कुणी थांबू शकतं का?

काकूंच्या सुनेचा मुद्दा हाच होता. बहुतेकींना हे माहीत नसतं, पण सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीला एक जण ठेवू देण्याचा निर्णय केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१६ मध्ये घेतला. सोबत येणारी स्त्री शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. लेबर रूममध्ये पुरेसा आडोसा असेल, तर नवऱ्यालाही थांबता येतं.

ही फक्त भावनिक सोय नाही. जवळ सतत कुणी असेल तर नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढते आणि वेदनाशामकांची गरज कमी लागते, असं अभ्यासांत आढळलं आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही बाळंतिणीला सन्मानानं वागवणं हा गुणवत्तेचा भाग मानला आहे. त्यामुळे कळा देताना ओरडणाऱ्या बाईला रागावणं नियमातही बसत नाही.

आणखी एक गोष्ट. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझरसह, मोफत आहे. औषधं, तपासण्या, रक्त आणि येण्या-जाण्याची सोय त्यात येते. जेवणही मिळतं, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवसांपर्यंत.

डॉक्टरांना काय विचारायचं?

आठव्या महिन्याच्या आत हे पाच प्रश्न विचारून घ्या. सरकारी असो की खासगी, विचारण्यात गैर काही नाही.

१. रात्री कळा सुरू झाल्या तर तिथे कोण असेल आणि डॉक्टर किती वेळात पोहोचतील?
२. लेबर रूममध्ये माझ्यासोबत कुणाला थांबता येईल?
३. कळा सुरू असताना मला चालता-फिरता, पाणी पिता येईल का? वेदना कमी करायला काय सोय आहे?
४. पहिलटकरणींपैकी साधारण किती जणींचं सिझर होतं? कोणत्या कारणांनी?
५. चिरा सगळ्यांनाच देता की गरज असेल तरच?

ताईनं ही यादी पुढच्या तपासणीला नेली. डॉक्टर मॅडमनी सगळी उत्तरं दिली. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात आणि रात्री त्यांना अर्धा तास लागतो, हे तेव्हाच कळलं. त्यामुळे कळा सुरू झाल्यावर रुग्णालयात नेमकं कधी निघायचं, हे त्यांनी आधीच ठरवून दिलं. सोबतीला आई थांबणार आहे.

काकूंच्या सुनेलाही ती यादी पाठवली होती. तिचं बाळंतपण सरकारी रुग्णालयातच होणार आहे. तिनं फक्त दुसरा प्रश्न विचारला. या वेळी तिची सासू तिच्याजवळ असेल.